हौसाने वाढवलेला झोत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर तरुण होते आणि राजे पायी हिंडत. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. पण कान दोघांनीही द्यावेत, कारण यातली चूक काही पोरासोरांनी केलेली नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, विहीरही नव्हती. डोंगराच्या पोटात एक लांबच लांब गुहा होती. तिच्या टोकाशी झरा होता, आणि झऱ्याचं पाणी गुहेतून वाहत येऊन बाहेरच्या टाक्यात पडे. त्यावरच सगळं गाव जगे.

पण दरवर्षी वरच्या झाडांची मुळं कातळातून खाली उतरत आणि झऱ्याचं तोंड आवळून टाकत. धार करंगळीएवढी होई. मग दोघांनी आत जायचं, एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने मुळं तोडायची, असा रिवाज होता. मुळं तोडायचा मान गावाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याचा. दिवा धरायचा मान तांबटाच्या घराचा, कारण दिव्याला काही झालं तर दुरुस्त करणारा हात सोबत हवा.

तांबटाच्या घरात त्या वर्षी एकटी हौसा उरली होती. ठोके मारणं, जोड देणं, कल्हई लावणं, सगळं ती बापाच्या पाठीमागे उभी राहून आणि बोटांना चटके खाऊन शिकली होती. बाप गेल्यावर लोक म्हणाले, "बाईच्या हातचं भांडं गळणार." एकही गळलं नाही. मग लोक म्हणाले, "बापाने शिकवलं असेल." लोकांना काहीतरी म्हणायचंच असतं.

तर राजाने गावाला दिलेला झोतदिवा रिवाजाप्रमाणे तिच्या हाती आला. राजधानीच्या दिवेकाराने घडवलेला दिवा तो. काशाची मूठ, घासून घासून आरसा केलेली तबकडी, तबकडीपुढे एकच वात. उजेड सगळीकडे न सांडता सरळ समोर चाळीस पावलं जाई. उभ्या मुलखात तसे पाचच दिवे होते.

हौसाने तो उघडला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. वातीभोवती एक कडं होतं आणि कड्याचं भोक जोंधळ्याच्या दाण्याएवढं.

"एवढा नावाजलेला कारागीर," ती म्हणाली, "आणि भोक पाडताना चिक्कूपणा केला."

तिने कडं काढून टाकलं. एका वातीच्या जागी तीन वाती पिळून घातल्या. तेलात कापूर कुटून टाकला. तबकडी चिंचेने आणि राखेने अशी घासली, की तिच्यात पापणीचा केस न् केस मोजावा. मग पाटलाच्या पागेची दारं लावून घेतली, गावाला आत बोलावलं आणि दिवा पेटवला.

पागा पांढरीशुभ्र झाली. आढ्यावरच्या कोळ्याचे आठही पाय दिसले. घोड्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली.

"हौसे," पाटील डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "राजधानीला कळलं तर दिवेकाराला हाकलून तुला नेतील की गं."

लोकांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या संपल्या तसा हौसाने दिवा विझवला. झाली परीक्षा.

एक म्हातारा पाटकरी तेवढा जागचा हलला नाही. त्याने विचारलं, "पोरी, हा असा किती वेळ चालेल?"

"आबा, तुम्ही उजेड बघा. वेळ काय बघता?"

"मला आत वेळच लागतो ना."

लोक हसले. हौसाही हसली. हुशार माणसाला साधा प्रश्न विचारला, की त्याला वाटतं विचारणाराच साधा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गुहेत शिरली. टाक्यात चार दिवसांचं पाणी उरलं होतं. गुहेच्या तोंडाशी बायका घागरी घेऊन बसल्या.

आत झोत असा पडला, की वटवाघळं धडाधड एकमेकांवर आपटली. हौसाची छाती फुगली. पण पाटकरी अडखळू लागला.

"आबा, एवढ्या उजेडात ठेच लागते तुम्हाला?"

"उजेड फार झाला, पोरी. भिंती ओल्या आहेत. सगळंच चकाकतंय, त्यात दगड कुठला आणि पाणी कुठलं, ओळखू येईना."

झऱ्यापाशी पोचेपर्यंत मूठ तापली. हौसाने पदर गुंडाळून धरली. पाटकऱ्याने कोयता उचलून पहिलं मूळ तोडलं, दुसरं तोडलं, आणि पदरातून चटका बसला. हौसाने हात बदलला. एवढ्यात तबकडी हलली, कलली आणि डुबुक करून पाण्यात पडली. तिच्यामागोमाग तेलाची वाटीही निखळली. सगळा अंधार.

तबकडीचा जोड कथलाचा होता. कथील थोड्या आचेने वितळतं, हे हौसाला कोणी सांगायला हवं होतं? रोज लोकांच्या भांड्यांवर तेच तर वितळवून ती कल्हई लावत होती. पण टाळ्यांच्या आवाजात माणूस स्वतःचा धंदा विसरतो, तशी ती विसरली होती.

अंधारात तिचा आवाज बारीक झाला. "आबा, तुम्हाला मी इथं मारलं."

"अजून नाही," पाटकरी म्हणाला. "मेलो तर सांगेन तुला. आता गप उभी राहा. डोळे दिपलेत, त्यांना दम खाऊ दे."

दोघं उभी राहिली. हौसाने शंभरपर्यंत आकडे मोजले, पुन्हा शंभर मोजले. मग दूर, अगदी दूर, राखेच्या रंगाचा एक ठिपका दिसला. गुहेचं तोंड होतं ते. आत येताना मागे वळून पाहिलं तेव्हाही तो तिथेच होता, पण तिच्या दिव्यापुढे तो दिसला नव्हता. पाटकऱ्याने तिचा हात धरला, पाय वाहत्या पाण्यात ठेवले, आणि पाणी जिकडे चाललं तिकडे दोघं चालत बाहेर आली.

बाहेर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कालपर्यंत तिला राजधानीला धाडणारे पाटील म्हणाले, "तरी मी म्हणत होतो."

हौसाने उरलेली मूठ आणि काढून ठेवलेलं कडं पदरात बांधलं आणि तडक राजधानीची वाट धरली. रडायला नव्हे हं, भांडायला. दिवेकाराच्या दारात उभी राहून तिने मूठ त्याच्यापुढे आपटली.

"बाबा, तुमचा दिवा कच्चा आहे. जरा वात वाढवली तर वितळला."

दिवेकार म्हातारा होता. त्याने मूठ उलटसुलट पाहिली आणि फळीवरचं फडकं ओढलं. फळीवर अकरा दिवे होते. कुणाची तबकडी लोंबत होती, कुणाची मूठ काळी पडली होती.

"हे तुझ्या दिव्याचे थोरले भाऊ," तो म्हणाला. "सगळे माझ्याच हातून बिघडलेले." मग त्याने तळवा उघडून दाखवला. त्यावर जुन्या भाजल्याचा पांढरा डाग होता. "भोक लहान आहे, कारण जोडाला तेवढीच आच सोसते. मुठीलाही तेवढीच. आणि तेवढ्या वातीला वाटीभर तेल जायला-यायला पुरतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"कोणाला सांगू? लोक इथे मोडलेला दिवा घेऊन येतात, प्रश्न घेऊन कोणी येत नाही."

हौसाचा चेहरा उतरला. पण ती काय स्वस्थ बसणाऱ्यातली होती? कडं बोटांत फिरवत ती म्हणाली, "आता प्रश्नच विचारते. मुळं तोडणाऱ्या आमच्या आबांना सारखा मोठा झोत नको आहे. मूळ कुठून उतरलंय, एवढं बघायला दहा श्वासांपुरता मिळाला तर? तेवढ्यात जोड तापेल का?"

दिवेकाराने लगेच हातोडी उचलली. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

दोघांनी दोन दिवस ठोकाठोक केली. भांडलीही. वातीला एक खिट्टी लावली. अंगठ्याने दाबली की वात वर येऊन ज्योत फुलायची, सोडली की वात आपल्या वजनाने खाली बसायची. खिट्टी मुद्दाम लोखंडाची ठेवली, म्हणजे दहा श्वासांत ती तापायची आणि अंगठा आपसूक सुटायचा. ती युक्ती हौसाची. दिवेकाराने पहिला दिवा स्वतःसाठी ठेवला आणि दुसरा तिला दिला.

चौथ्या दिवशी टाक्याचा तळ दिसू लागला, तेव्हा ती परतली. या वेळी तिने दिवा टाळ्यांपुरता पेटवून पाहिला नाही. घरातल्या बंद कोठीत वाटी रिकामी होईपर्यंत पेटवून धरला, आणि पाटकऱ्याला शेजारी बसवलं. मगच दोघं गुहेत गेली.

मंद उजेडात पाटकरी नेहमीसारखा चालला. झऱ्यापाशी तो म्हणाला, "आता दाव." हौसाने खिट्टी दाबली. छतातून उतरलेलं, मांडीएवढं जाड मूळ त्याने एका नजरेत हेरलं. अंगठा सुटला, उजेड मंदावला आणि कोयता बरोबर जागी बसला.

बाहेर आधी पाटकऱ्याचं पागोटं वाहत आलं, मग धो धो पाणी. टाक्यात वाकून बघणारे पाटील नखशिखांत भिजले. पाठोपाठ दोघंही बाहेर आली. घागरी भरल्या.

"हौसे," पाटील धोतर पिळत म्हणाले, "याच्याहून मोठा झोत होईल का गं?"

"होईल की," हौसा म्हणाली. "पण आधी आबांना विचारते, त्यांना हवा आहे का."

तात्पर्य: दुसऱ्याने घडवलेलं बेलाशक सुधारा, पण त्याने ते तसं का घडवलं, हे आधी विचारा.