पाखरीचं वाकलेलं नाक

गाड्यांना आपलं आपण गॅरेजात जायची मुभा होती, त्या काळची गोष्ट. टोमॅटो वाहणारी पाखरी नावाची एक पिकअप होती. रिकामी असली की तिचं नाक खाली आणि पाठ वर दिसे. इतर गाड्या हसत, "ही बघावं तेव्हा लोटांगण घालायच्या तयारीत."

पाखरी गुलाब मिस्त्रींकडे गेली. "मामा, माझं नाक तेवढं वर उचला."

"रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाही," मिस्त्री म्हणाले. "भरून ये, मग बघू."

तेवढा धीर कुणाला? तिने दुसरीकडे जाऊन पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवून घेतल्या. आता ती पाटासारखी सपाट दिसू लागली. दोन दिवस तोऱ्यात फिरली.

तिसऱ्या दिवशी तिच्यावर सत्तर क्रेट चढले. पाठ दबली, नाक आभाळाला लागलं. घाटाच्या चढावर पुढची चाकं हलकी पडली. वळणावर स्टिअरिंग फिरलं, पण पाखरी सरळच निघाली आणि कठड्याला घासून कशीबशी थांबली.

क्रेटांसकट ती मिस्त्रींच्या दारात आली. त्यांनी चकत्या काढल्या. नाक खाली उतरलं आणि भरलेली पाखरी अगदी समतल उभी राहिली.

"पाठ उंच दिलीय ती ओझ्यासाठी, पोरी," एवढंच ते म्हणाले.

मंडईत क्रेट उतरवून ती रिकामी परतली. वाटेत पुन्हा कुणीतरी हसलं. पाखरी तेव्हा मिस्त्रींच्या दारावरून जात होती, आणि त्यांच्यापुढे नाक वाकलेलंच आहे याचं तिला बरं वाटलं.