धामणखेडची मुकी वेस

हसा, हसा. वेशीपाशी एका म्हाताऱ्यानं चकार शब्द न काढता तुमचा हात धरला आणि आत आणलं, म्हणजे तो मुका असणार असंच तुम्हाला वाटलं ना? मुका नाही बाप्पा, पस्तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडलोय. पण या वेशीत आम्ही बोलत नाही, आणि आलेल्याला तर बोलायला लावतच नाही.

पूर्वी या वेशीला सागाची कवाडं होती. सातपुड्यातून पेंढारी उतरायचे, तेव्हाची ही गोष्ट. एकदा त्यांनी एक बाई पुढं पाठवली. गावातल्या माणसांची नावं तिनं धडाधड सांगितली, दार उघडलं, आणि चाळीस माणसं कापली गेली म्हणे. तेव्हापासून पहारेकरी वेशीवरच्या झाडाकडं बोट करून विचारायचे, हे काय? परका 'पीपल' म्हणायचा, नाहीतर 'पिंपळ'. आम्ही 'पिंपय' म्हणतो. तसं म्हणेल त्यालाच दार उघडायचं.

पहाऱ्याचा नाईक होता म्हसाजी. एका भर दुपारी रानात धूळ उठली आणि तिच्यापुढं एक बाई चार वर्षांची पोर कडेवर घेऊन धावत आली.

"उघडा! मी गवरा, येसाईची लेक!"

येसाई म्हणजे म्हसाजीची आई. तिची लेक नवव्या वर्षी लांब गोदाकाठी दिली होती, ती पंचवीस वर्षांत माहेरी आली नव्हती. म्हसाजी तेव्हा पाळण्यात. आणि या बाईचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, ओळखायचा कसा?

"हे झाड कोणतं?"

"पिंपळ."

म्हसाजीनं भाला उचलला. "पुन्हा सांग."

"पिंपळच की रे दादा! दुसरं काय म्हणू?"

कुणीतरी येसाईला घेऊन आलं. म्हातारीनं कवाडाला कान लावला आणि ओरडली, "म्हसा, माही लेक हाय थे. तवा आपन सगये असंच म्हनत होतो."

"मले तं आठवत नाही. तू म्हनून दाखव, माय."

म्हातारीनं तोंड उघडलं. 'पिंपय' आलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा 'पिंपय'.

अहो, बोली कुणी ठरवून बदलत नाही. पोरं आईपेक्षा जराशी वेगळी बोलतात, आई पोरांचं ऐकून तसंच बोलायला लागते, आणि पंचवीस वर्षांत सगळ्या गावाची जीभ सरकते. कुणाला पत्ता लागत नाही. जी दूर गेली, तिनं तेवढं जुनं जपलं. आणि तीच परकी ठरली!

पेंढाऱ्यांचे घोडे वेशीपुढच्या नाल्यात उतरले होते. म्हसाजी म्हणाला, उघडणार नाही. येसाई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं कवाडातल्या छोट्या दाराचा, दिंडीचा अडसर स्वतः ओढला आणि वाकून बाहेर गेली. दुसऱ्याच क्षणी दिंडीतून पोर आत ढकलली गेली. तिच्यामागं एक हात आत आला. म्हसाजीच्या आईचा की बहिणीचा, सांगता येत नाही. टापा जवळ आल्या आणि म्हसाजीनं अडसर घातला. दोघींना आत यायला वेळ होता की नव्हता, यावरून आमच्यात अजून भांडणं होतात. मी म्हणतो, होता.

पेंढारी गेल्यावर दोघी झाडाखाली सापडल्या. म्हसाजीनं कुऱ्हाडीनं कवाडं फोडली, त्याच लाकडावर त्यांना अग्नी दिला, आणि शपथ घेतली की या वेशीत यापुढं कुणाला बोलण्यावरून पारखायचं नाही.

पोरीला त्यानंच वाढवलं. रोज झाडाखाली बसून विचारायचा, हे काय गं? ती 'पिंपळ' म्हणायची आणि हा डोळे मिटून ऐकायचा. पण पोर गावातल्या पोरांत खेळणार ना? दोनेक वर्षांनी एका सकाळी ती 'पिंपय' म्हणाली. त्या दिवशी म्हसाजी ढसाढसा रडला, असं सांगतात. पोर बिचारी घाबरली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

आजही माहेरवाशीण येवो की तुमच्यासारखा पाहुणा, गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस वेशीबाहेर जातं आणि न बोलता हात धरून आत आणतं. घरी बसवतं, पाणी देतं. मग म्हणतं, आता बोल माय, तुले येते तसं बोल.