ठमीचा वास

माणसाने घराला दार लावलं, त्याच्याही आधीची गोष्ट. एका वारुळात प्रत्येक पहारेकरीण मुंगी जन्मतः शत्रूचा एकच वास ओळखायची. कुणी पालीचा, कुणी कोळ्याचा.

"ठमे, तुझा वास कसला गं?" बाकीच्या चिडवायच्या.

"कुणास ठाऊक! आला की कळेल."

ठमी म्हातारी झाली, तरी तो आला नाही.

एकदा अंडी चोरीला गेली. टेहळणीच्या मुंगीने चोराचा तुटलेला पाय आणून एकेकीच्या मिशांना लावला. कुणालाच ओळख पटेना. ठमीच्या मिशा मात्र थरथरल्या. "हाच!" म्हणत ती वासाच्या मागावर निघाली, तिच्यामागे सगळं वारूळ. अंडी परत आली.

राणीने विचारलं, "ठमे, हा वास आलाच नसता तर? जन्म वाया गेला असता की गं!"

"गेला असता तर बरं झालं असतं, राणीसाहेब. अंडी जागची हलली नसती."