उजव्या हाताचा मान

घाटाखालच्या एका पेठेत दोन कासारांची दुकानं समोरासमोर होती. एक मार्तंडाचं, दुसरं लिंबाजीचं. मार्तंडाच्या दुकानाला शिसवी फळ्या, मागे भला मोठा आरसा, आणि माल असा मांडलेला की जाणाराचा पाय थबकावा. लिंबाजीचं दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर घोंगडी, आणि भिंतीला टांगलेल्या बांगड्यांच्या माळा. दोघांचा माल एकाच गाडीतून उतरायचा. भावही एकच. तरी बायका लिंबाजीच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसायच्या आणि मार्तंडाकडे यायच्या त्या तिथे जागा मिळाली नाही तरच.

धंद्यात चढउतार व्हायचेच. गिऱ्हाईक रोडावलं तर व्यापारी सोसतो, उद्याची वाट पाहतो. पण समोरच्याच्या दारातली गर्दी सकाळ-संध्याकाळ डोळ्यांनी पाहत बसायची, हे सोसायला काळीज मोठं लागतं. मार्तंडाचं तेवढं नव्हतं. त्याच्या पुढ्यात एखादा हात यायचा, तो सवयीनं दाबायचा, बांगड्या चढवायचा. पण नजर रस्त्यापलीकडे. ती कुणाची सून बसली? आपल्याकडे यायची ना ही? आता कशाला हसल्या सगळ्या?

वर त्याला दुसरंच दुःख होतं. तो सोमवार धरायचा, दर सोमवारी अभिषेक घालायचा, स्तोत्र म्हटल्याशिवाय फळी उघडायचा नाही. लिंबाजी मात्र देवळात दसऱ्याला दिसला तर दिसला.

"देवाला डोळे आहेत की नाहीत?" तो बायकोला म्हणायचा. "दूध मी ओततो आणि पावतो त्याला!"

बायको सगुणा भाकरी थापता थापता म्हणायची, "देवाचे आहेत. तुमचेच सारखे रस्त्यापलीकडे असतात."

पाहता पाहता एक गोष्ट मार्तंडाच्या ध्यानात आली. कुणाचाही हात घेतला की लिंबाजी लगेच बांगडी उचलत नसे. तो हात उजेडात धरायचा, क्षणभर पाहायचा, आणि मग त्याचे ओठ हलायचे. त्यानंतर बांगड्या. पाटलीण असो की मोळीविकी, हे चुकायचं नाही.

मार्तंडाला उलगडा झाला. मंत्र! कुणा बैराग्यानं याला वशीकरणाचा मंत्र दिलाय. म्हणून बायका याच्याकडे ओढल्या जातात. आता तो मंत्र कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागेना.

"तू जा त्याच्याकडे," तो सगुणेला म्हणाला. "बांगड्या भरून घे आणि कान देऊन ऐक."

"अहो, कासाराच्या बायकोनं दुसऱ्याच्या ओट्यावर बांगड्या भरायच्या? पेठ हसेल."

"हसू दे. आज हसेल. मंत्र हाती आला की उद्या आपल्याच दारात रांग लावेल."

सगुणा गेली आणि बऱ्याच वेळानं परतली. हातात लाल बांगड्या आणि चेहऱ्यावर असं काही, की मार्तंडाला ते बघवेना.

"काय पुटपुटतो तो?"

"मी सरळ विचारलंच," सगुणा म्हणाली. "माझ्या मनगटाला पिठाचा कण चिकटला होता. तो उन्हात चमकत होता, भाऊजी तेवढाच बघत राहिले. मला म्हणाले, 'वैनी, बघा तरी, चांदीचा चुरा दिसतोय.' आणि ओठ हलवले. म्हटलं, भाऊजी, हा कोणता मंत्र? तर हसले. म्हणाले, 'मंत्र कुठला! देवळात जायला सवड होत नाही, वैनी. पण इथे बसल्या जागी एकेक हात येतो आणि प्रत्येकात पाहण्यासारखं काहीतरी असतंच. ते दिसलं की नमस्कार करावासा वाटतो. माझे हात गुंतलेले, म्हणून तोंडानंच वा देवा म्हणतो.' बस्स. एवढंच."

"एवढंच कसं असेल?"

"एवढंच." सगुणा आपला हात उलटासुलटा करून पाहत होती. "अहो, माझी करंगळी जराशी बाहेर वळलेली आहे. तुम्हाला ठाऊक होतं?"

मार्तंड उठला. इतकी वर्षं हिच्या हातात बांगड्या आपण भरल्या, आणि हिची करंगळी दिसली त्याला! आता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी त्यानं मनाची समजूत घातली, की ही भक्तीबिक्ती काही नाही, गिऱ्हाईक पटवायची युक्ती आहे. युक्ती काय, कुणालाही जमते.

दुसऱ्या दिवशी शेवंता गवळण त्याच्याकडे आली. मार्तंडानं तिचा हात धरला, उजेडात नेला, डोळे अर्धवट मिटले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा देवा! मनगटावर काय हे, चांदीचा चुरा जणू!"

शेवंतानं हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "चांदी कुठली शेट? गोवऱ्या थापून आलेय. शेण वाळलंय ते."

पलीकडच्या ओट्यावर बायका पदरात तोंड घालून हसल्या. लिंबाजी तेवढा हसला नाही. त्यानं मान खाली घालून आपलं काम चालू ठेवलं. ते हसणं मार्तंडानं गिळलं असतं, पण हे न हसणं त्याच्या घशात अडकलं.

अशात पाटलांच्या मंजुळेचं लग्न निघालं. नवरीचा हिरवा चुडा भरायला ज्या कासाराला बोलावणं येईल, त्याचं नाव पंचक्रोशीत होणार. पाटलीणबाई म्हणाल्या, लिंबाजी. पाटील म्हणाले, मार्तंडाचे वडील माझ्या आईचा चुडा भरायला आले होते, मान त्या घराचा. घरात दोन दिवस कुरबूर चालली आणि अखेर तोड निघाली. दोघांनी यावं. एकानं एक हात भरावा, दुसऱ्यानं दुसरा.

मार्तंड लगोलग पाटलांच्या वाड्यावर गेला. "पाटील, उजवा हात माझा. शुभकार्याला उजवाच पुढे करतात. आमच्या घराण्याला डावा देऊ नका."

पाटलांनी लिंबाजीला विचारलं. तो म्हणाला, "मला काय, डावा द्या. तोही तिचाच आहे."

चुड्याच्या आधी कासार नवरीचा हात पाहून माप घेतो, अशी तिकडे रीत होती. दोघं गेले. मंजुळा मध्ये बसली, एकेक हात दोघांच्या पुढ्यात देऊन. लिंबाजी तिचा डावा हात दाबून, वळवून, उजेडाकडे धरून निवांत पाहत होता. मार्तंडाच्या हातात उजवा होता आणि डोळे डाव्यावर होते. लिंबाजीनं मापाच्या बांगड्यांतून एक उचलली. ही नको म्हणून ठेवली. मग सव्वादोनाच्या मापाची चढवली आणि मान हलवली. मार्तंडानं ते टिपलं. अस्सं! सव्वादोन. त्यानंही झटकन सव्वादोन ठरवलं आणि घरी येऊन त्या मापातल्या सगळ्यांत देखण्या, सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या निवडून काढल्या. लिंबाजीच्या बांगड्या साध्या असणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. मांडवात दोन्ही हात शेजारी आले की पेठेला फरक कळेल.

चुड्याच्या दिवशी वऱ्हाड येऊन उतरलं होतं. माजघरात बायकांना पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्यामुलाची आत्या, व्यंकूआत्या म्हणत तिला, अगदी पुढे येऊन बसली होती. पाटावर मंजुळा, अंगाला ओल्या हळदीचा वास. डाव्या बाजूला लिंबाजी, उजव्या बाजूला मार्तंड.

मार्तंडानं पहिली बांगडी चढवली, तीच मुळी अडखळत. दुसरी त्याहून जड गेली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. उजवा हात कामाचा असतो. जातं तोच ओढतो, घागर तोच उचलतो. डाव्यापेक्षा तो अंगानं किंचित भरलेला. कासाराच्या घरात पोरांना हे बोलायच्या आधी कळतं. डाव्याचं माप पाहून त्यानं उजव्याच्या बांगड्या आणल्या होत्या.

आता थांबावं तर साऱ्या बायका बघताहेत. शेजारी लिंबाजीच्या बांगड्या एकामागून एक सरसर चढत होत्या. "हा पुढे गेला," एवढंच मार्तंडाच्या डोक्यात भरलं. त्यानं तेलाचं बोट लावलं, हात आवळला आणि तिसरी बांगडी लोटली. डोळे डावीकडेच होते.

काच वाजली.

बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण नवरीच्या हातातला चुडाच वाढला, तर कुणाच्या तोंडून तेही निघेना. मंजुळेच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला.

व्यंकूआत्यानं नाकाला बोट लावलं. "बाई बाई! चुडा भरतानाच? हिसका दिला वाटतं हातानं. पोरीचा हात कडक दिसतोय. पुढं कसं व्हायचं आमच्या घरात?"

मार्तंडाला पळवाट दिसली. नुसतं "हो" म्हटलं की सुटलो. मुलीनं हात हिसडला, कासार काय करणार? पेठेत नाव शाबूत राहील. पोरीवर बोल येईल, ती उद्या सासरी जाईल, आपल्याला कुठे भेटणार आहे पुन्हा? आणि "माप चुकलं" म्हटलं, तर त्या क्षणापासून कुणी आपल्या फळीवर चढणार नाही. सगळ्या बायका त्या ओट्यावर जातील, उरलेल्यासुद्धा.

त्यानं लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजीची नजर फुटक्या काचेवर होती. त्याला माप कळलं होतं. तरी तो बोलला नाही.

आत्या म्हणाली, "काय हो कासारमामा? हिसकाच ना?"

उत्तर द्यायला मार्तंडानं तोंड उघडलं आणि काच काढायला म्हणून मान खाली घातली. तेव्हा त्याला तो हात दिसला. नखांच्या कडेला हळद बसली होती. मनगटाच्या वर तव्याचा चटका लागल्याची जुनी तपकिरी खूण. तळवा घामानं भिजलेला. आणि अंगठा! मंजुळेनं अंगठा तळव्यात घट्ट दुमडून घेतला होता, इतका घट्ट की नखाचा ठसा उठला होता. हात लहान व्हावा, कासारमामांना सोपं जावं, म्हणून. पहिल्या बांगडीपासून पोर दुखणं गिळत त्याला मदत करत होती. अजूनही अंगठा तसाच होता. रक्त आलं तरी तिनं तो सोडला नव्हता.

मार्तंड पाहतच राहिला. जन्मभर हात हाताळले त्यानं. त्यातल्या किती जणींनी असा अंगठा दुमडला असेल? कुणी हसत, कुणी ओठ चावून? ते सगळं त्याच्या मुठीतून येऊन गेलं होतं, आणि तो रस्त्यापलीकडे बघत बसला होता. दर सोमवारी ज्याला शोधत तो गाभाऱ्यात जायचा, तो इथे, या घामेजलेल्या मुठीत त्याची वाट पाहत बसला होता जणू.

"अंगठा सोड, बाळ," तो हळूच म्हणाला. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हिसका नाही, आत्याबाई. पोरीनं हात दगडासारखा स्थिर धरला होता. माप चुकलं ते माझं. मी हिचा हात पाहिलाच नाही. डाव्या हाताचं माप चोरलं आणि उजव्याला आणलं."

कुजबुज उसळली. दारात उभे असलेले पाटील लालबुंद झाले. "मार्तंडा, माझ्या आईचा चुडा भरला तुझ्या बापानं, आणि तू… ऊठ तिथून! लिंबाजी, दोन्ही हात तूच भर."

मार्तंड उठायला लागला. अपमान झाला, पण त्यात आश्चर्य असं की त्याला लिंबाजीचा राग आला नाही. एवढंच वाईट वाटलं की आता कुठे हा हात दिसला आणि तो सोडावा लागणार.

लिंबाजीनं आपल्या पेटीतून जादाची एक जुडी काढली. साध्या हिरव्या, मापानं जराशा मोठ्या. लागल्या तर असाव्यात म्हणून त्यानं आणल्या होत्या. त्या त्यानं मार्तंडापुढे सरकवल्या.

"पाटील, मी डावा पाहिलाय," तो म्हणाला. "उजवा यांनी पाहिलाय. ज्यानं पाहिलाय त्यालाच भरू द्या."

पाटलीणबाईंनी नवऱ्याकडे पाहून मान हलवली, आणि पाटलांनी मार्तंडाला हातानंच बसायची खूण केली.

मार्तंड पुन्हा बसला. त्यानं पदराच्या टोकासारख्या मऊ फडक्यानं रक्त टिपलं, अडकलेल्या बांगड्या अलगद उतरवल्या, आणि लिंबाजीच्या बांगड्या एकेक करून चढवल्या. घाई नाही. प्रत्येक बांगडी हाडावरून सरकताना तो ती पाहत होता. हळदीच्या पिवळ्यावर तो हिरवा रंग येऊन थांबायचा, मागची बांगडी पुढचीला लागून किणकिणायची, आणि मंजुळेचा श्वास हळूहळू मोकळा व्हायचा. व्यंकूआत्यानंसुद्धा मान पुढे काढून पाहायला सुरुवात केली होती.

चुडा भरून झाला. रीतीप्रमाणे मंजुळा कासारांच्या पाया पडली. मार्तंडाला आशीर्वाद तोंडपाठ होता, आजवर शेकडो जणींना दिलेला. तो त्याला आठवेना. नवीन चुड्याचे दोन हात त्याच्या पायांपाशी टेकले होते आणि दारातून आलेलं ऊन त्या काचेतून पार होऊन जमिनीवर हिरवं सांडलं होतं. त्याला एवढंच म्हणता आलं, "वा, पोरी. वा."

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या पदरात काय पडलं तेच पाहत बसतो, त्याच्या स्वतःच्या हाती आलेला देवही न दिसता निघून जातो, म्हणून रोजच्या कामात जे समोर येईल ते डोळे भरून पाहावं, त्याहून मोठी पूजा नाही.