नीलपर्णाचा पाहुणचार

एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध आईला डोलीतून घेऊन घाटमाथ्यावरच्या एका आश्रमात आला. आईची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत होती. लहानपणी याच रानात पाहिलेले नीलपर्ण फुलपाखरू पुन्हा एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा उरली होती.

वृद्ध आचार्यांनी हे काम शारंगधर नावाच्या शिष्यावर सोपवले. तो हुरळून गेला. "फुलपाखरूच ना? उद्या दाखवतो!" आश्रमाची फुलबाग त्यानेच फुलवली होती. आजींना त्याने तिथे नेऊन बसवले. पिवळी, पांढरी, ठिपक्याठिपक्यांची फुलपाखरे आली आणि गेली; नीलपर्ण मात्र तीन दिवसांत फिरकले नाही.

"राहू दे रे बाबा," आजी म्हणाल्या, "नसेल माझ्या नशिबात." शारंगधरला मान वर करवेना.

चौथ्या दिवशी सकाळी आचार्यांनी कोठीतली सडकी केळी कुस्करली, आजींना रानाच्या कडेला नेले आणि एका आंब्याच्या बुंध्याला तो लगदा फासला. आंबूस दर्प सुटला. व्यापाऱ्याने उपरण्याने नाक झाकले.

"गुरुजी, पाहुण्यांसमोर हे काय?" शारंगधर ओशाळून पुटपुटला.

"पाहुणा अजून यायचाय," आचार्य म्हणाले.

घटकाभराने एक वाळके पान भिरभिरत येऊन बुंध्याला चिकटले. अगदी देठ आणि शिरांसकट! त्याच्यावर कोवळे ऊन पडले, तसे ते मधोमध उघडले. आत निळाई झळाळत होती आणि तिच्यावर फिकट निळसर पट्टा. आजी वीतभर अंतरावर गेल्या, तरी ते उडाले नाही; रसात पार गुंगले होते. आजी लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

आचार्य शिष्याकडे वळले. "बाग सुरेखच आहे तुझी. पण हे फुलपाखरू फुलांकडे क्वचितच वळते. झाडाचा पाझर, आंबलेले फळ, हे त्याचे अन्न. तू तुला आवडणारे ताट वाढलेस आणि पाहुणा आला नाही म्हणून खंतावलास. तुझ्या आदरात उणे काही नव्हते. त्याला काय हवे, एवढेच पाहायचे राहिले."

 शारंगधर आजींजवळ जाऊन बसला.

"आजी, आज तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

"नाचणीची भाकरी आणि लसणाचा झणझणीत ठेचा!" आजी तत्काळ उद्गारल्या.

व्यापारी पथ्याविषयी काही बोलणार, तोवर शारंगधर चुलीकडे निघालासुद्धा होता.