माळावरचा उंबरठा

त्या राज्यात राजवाडा दरवर्षी आपोआप नवा होई. प्रजा झोपेतून उठे तेव्हा दारं भलतीकडे गेलेली असत, जिना छतातच संपे आणि राजा पंचा गुंडाळून न्हाणीघर शोधत हिंडे. दवंडी मात्र पिटली जाई, की आता सगळं पहिल्याहून सुरळीत झालं आहे.

तिथं गोदूबाई नावाची जुनी पेटी होती. एक पट्टी जरा बसकी, पण भाता ठणठणीत. रोज संध्याकाळी ती महाद्वारात वाजे आणि उंबरठ्यावरची घोरपड सूर ओळखून आत वर्दी देई. कायदाच होता तसा: उंबरठ्यानं ओळखलं, की राजवाड्यानं ऐकायचं. ज्याची ओळख पटत नाही, त्याचं लाकूड राजाच्या बंबात.

यंदा महाद्वाराचा उंबरठाही नवा झाला होता आणि त्यावर मोर उभा होता.

"कोण तुम्ही?"

"गोदूबाई. काल इथंच वाजले."

"काल हे दारच नव्हतं. वाजा पाहू."

गोदूबाईनं यमन लावला. मोराचा उजवा पाय ठेका धरू लागला.

"काही ऐकू आलं नाही," मोर म्हणाला.

"मग हा पाय कुणाचा हलतोय, मोरोबा?"

मोरानं खाली पाहिलं. "त्याचं तो बघून घेईल. सकाळी बंबवाला येईल तुमच्याकडे."

मी म्हणजे काय ढलपी आहे का, असं पुटपुटत गोदूबाई तरातरा परसात गेली. तिथं उकिरड्यावर जुना उंबरठा पडला होता आणि त्याला चिकटलेली घोरपड. उंबरठा उपटला गेला तरी तिनं पकड सोडली नव्हती.

"अक्का, ओळखतेस का अजून?"

घोरपडीनं एक डोळा उघडला. "उपटून टाकलं त्यांनी. पण ओळखणं बंद कर, असं कुणी सांगितलं नाही."

गोदूबाईनं उंबरठा घोरपडीसकट पाठीवर घेतला आणि माळावर नेऊन आडवा टाकला. ना भिंत, ना छप्पर. अलीकडे उभी राहून ती वाजली, घोरपडीनं वर्दी दिली, आणि गोदूबाई उंबरठा ओलांडून पलीकडे जाऊन बसली.

सकाळी बंबवालं अस्वल कुऱ्हाड घेऊन आलं आणि उंबरठ्याशी थबकलं. राजवाड्यात हत्यार न्यायला बंदी होती.

"बाहेर या की," ते म्हणालं.

"राजवाड्यात हळू बोलावं," घोरपड म्हणाली.

अस्वल खजील होऊन परत गेलं. राजानं गार पाण्यानं अंघोळ केली.

मग चिरलेली सनई आली, तार तुटलेली सारंगी आली. वळसा घालायला अख्खा माळ मोकळा होता, तरी सगळी रांगेनं उंबरठ्यावरूनच आली. संध्याकाळी राजाही येऊ लागला. आत शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवी.

वर्ष सरलं. राजवाडा पुन्हा नवा झाला.

त्या संध्याकाळी माळाच्या टोकाला मोर दिसला. पिसारा मिटलेला, डोक्यावर त्याच्याच दाराचा उंबरठा. तो घोरपडीसमोर येऊन उभा राहिला.

"ऐकू येतं का आता?" गोदूबाईनं विचारलं.

"पायाला पहिल्यापासून येत होतं," मोर म्हणाला.

गोदूबाई भाता आवरून जरा सरकली. मोरानं आपला उंबरठा पहिल्याला लागून ठेवला. घोरपडीनं पुढचा एक पाय लांबवला आणि कालपर्यंत नव्या असलेल्या त्या लाकडात नखं रोवली.