नागाला न सांगितलेलं नाव

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. रणात वाघ, पण 'माझ्यामागे' हा शब्द कुणी काढला की त्याची पाचावर धारण बसायची. आपल्यामागची व्यवस्था बोलून दाखवली की मरण दारात येतं, अशी त्याची पक्की समजूत. आता हसू नका, तुमच्याआमच्या घरीही असे आहेत!

त्या राज्याची रीत अशी, की खजिन्यावर मांत्रिकाकरवी नाग बसवायचा आणि नागाला वारसाचं नाव सांगायचं. धैर्यसेनानं नाग बसवला.

"महाराज, वारसाचं नाव?" मांत्रिकानं विचारलं.

"बघू पुढं."

झालं! नाग बसला, पण त्याला कुणाचीच ओळख नाही.

एके वर्षी राजा मोहिमेवर असताना तलावाचा बांध फुटला. त्याची एकुलती एक लेक चारुमती हिला लोकांची दैना बघवेना. धन काढायला ती तळघरात उतरली. नागानं फूत्कार टाकला आणि पोर गळ्यापर्यंत दगड झाली.

राजा परतला आणि लेकीला पाहून धाय मोकलून रडला. तेव्हा एक भारद्वाज पक्षी तळघराच्या झरोक्यात बसून बोलला, "राजा, दिवस मावळायच्या आत तलाव, गड आणि खजिना यांना धनी नेम. चारचौघांदेखत 'माझ्यामागे' असं म्हणून."

"मी मरेन."

"मरशीलही. पोर वाचेल."

राजानं डोळे पुसले आणि घोडा मागवला. बाप होता तो!

तलावावर लोकांना गोळा करून तो म्हणाला, "माझ्यामागे हा तलाव त्याचा गाळ उपसणाऱ्या गावांचा." इकडे चारुमतीचे हात सुटले.

गडावर सावत्र भाऊ वज्रनाभ राहायचा. दोघांत बारा वर्षं अबोला. राजा म्हणाला, "माझ्यामागे हा गड तुझा." वज्रनाभ आधी घाबरलाच. "दादा, प्रकृती बरी आहे ना?" त्यानं विचारलं, आणि दोघंही रडले. इकडे दगड गुडघ्यापर्यंत उतरला.

राजा तळघरात आला. "माझ्यामागे हा खजिना चारुमतीचा!"

नागानं फणा उभारला. "आणि तिच्यामागे?"

राजाला हुरूप आला. सात पिढ्यांची काळजी त्यानं उरात साठवली होती. "तिच्या थोरल्या मुलाचा. मग त्याच्या थोरल्याचा. कुणी मोडायचा नाही, कुणी..."

"आबासाहेब, थांबा!" चारुमती किंचाळली. प्रत्येक पिढीगणिक दगड वर चढत होता. कंबर गेली, छाती गेली. झरोक्यातलं ऊन विझत आलं.

राजा थांबला. न जन्मलेल्या नातवंडांसाठी आपण जिवंत लेक दगडात घालतो आहोत, हे त्याला उमगलं. फार वाईट वाटलं त्याला.

"तिच्यामागचं तीच ठरवील," तो म्हणाला. "मला ठाऊक नाही."

नागानं फणा मिटला आणि तो बिळात गेला. दगड खळकन गळून पडला. राजा डोळे मिटून मरणाची वाट बघत उभा राहिला. मरण काही आलं नाही. पुढं एकोणीस वर्षं आलं नाही.

चारुमतीनं मोहरांचा सर्वांत मोठा हंडा बांधाकडे न्यायला काढला. राजा अडवायला पुढं झाला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सेवकांना म्हणाला, "जड आहे रे. चौघं लागा."

बांध उभा राहिला, तळं भरलं, राज्य सुखी झालं. तुमचीही घरं भरलेली राहोत!